सूत्राच्या आधी वही: सांख्यिकी, संभाव्यता आणि तर्क घरच्या आकड्यांवरून कसं शिकायचं

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी संध्याकाळी आठवी ते बारावीच्या लेकरांना गणित शिकवतो. दहावीच्या गणित भाग १ मधे शेवटचे दोन धडे आहेत, संभाव्यता आणि सांख्यिकी, लेकरं त्याला मार्काचे धडे म्हणतेत, म्हणजे सूत्र पाठ करायचं, तक्ता मांडायचा, आकडे टाकायचे आणि मार्क घ्यायचे. मागं एका हुशार पोराला मी ४० शेतकऱ्यांच्या सोयाबीनच्या उताऱ्याचं गणित दिलं, एकरी २ ते १२ क्विंटलच्या मधले आकडे, आणि त्यानं मध्यक काढला ९४. गुणाकार कुठंतरी चुकला होता, ते चालतं, माणूस चुकतंच, पण ९४ लिहून खाली दोन रेघा मारून त्यानं पान उलटलं ह्याचं मला लई वाईट वाटलं. त्याच्या घरी सोयाबीनच असतंय, एकरी ९४ क्विंटल होत नसतेत हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिताय. वहीतलं सोयाबीन आणि वावरातलं सोयाबीन एकच आहे हे त्याला आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी स्वतःचे आकडे, मग प्रश्न, आणि सूत्र सगळ्यात शेवटी. खाली जे लिहितोय ते नववी ते अकरावीच्या लेकरांसाठी आहे, आणि ज्यांचे लेकरं ह्या वर्गात आहेत त्या आईवडिलांनीपण वाचावं, कारण ह्याला लागणारा अर्धा माल घरातच पडलेला असतो.

पायरी १: एक वही, एक प्रश्न, पंधरा दिवस

साधी शंभर पानी वही घ्या. त्यात रोज एकच आकडा लिहायचा. कोणता ते तुम्ही ठरवा, मोंढ्यातला (धान्य बाजारातला) सोयाबीनचा किंवा तुरीचा भाव, घरच्या म्हशीचं सकाळचं दूध, शाळेची एसटी किती मिनिटं लेट आली, टँकर किती वाजता आला, काहीपण. पण पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय सुरू करायचं नाही: काय मोजतोय, कशात मोजतोय, आणि कधी मोजतोय. एसटी लेट म्हणजे फाट्यावर आली ती वेळ का सुटली ती वेळ, घड्याळ कोणाचं, हे आधी ठरवा. एक दिवस फाट्यावरची वेळ आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पोचल्याची वेळ लिहिली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चूकच राहतं. आणि ज्या दिवशी मोजायचं राहिलं तिथं रिकामी जागा सोडा, अंदाजानं भरू नका. ही सवय लागली तर अर्धी सांख्यिकी आली असं मी मानतो.

सरावासाठी मी एक यादी बनवलीय, एसटी किती मिनिटं लेट, १५ दिवस:
५, १०, ०, १५, १०, ५, १०, २०, १०, ५, १५, १०, ०, ९०, ५

पायरी २: सूत्र बंद, आधी दाणे मांडा

चौकटीच्या वहीच्या पानावर खाली एक आडवी रेघ मारा, तिच्यावर ०, ५, १०, १५, २० असं लिहीत जा, आणि प्रत्येक दिवसासाठी त्या आकड्यावर तुरीचा एक दाणा ठेवा. एकाच आकड्यावर दुसरा दिवस आला की दाणा वरच्या चौकटीत. दोन मिनिटांत डोळ्यासमोर चित्र उभं राहतं, १० वर पाच दाण्यांचा ढीग, ५ वर चार, आणि लांब तिकडं ९० वर एकटा दाणा, तो बहुतेक टायर पंक्चरचा दिवस. आता कुणी विचारलं एसटी साधारण किती लेट येते, तर सूत्र न लावता तुम्ही म्हणाल दहाएक मिनिटं. हे उत्तर वहीच्या कडेला लिहून ठेवा. पुढं जे काय काढाल ते ह्याच्याशी ताडून बघायचं. ९४ वाली चूक इथंच पकडली जाते.

पायरी ३: मध्य, मध्यक, बहुलक

सगळ्या आकड्यांची बेरीज २१०, भागिले १५, मध्य म्हणजे सरासरी १४ मिनिटं. चढत्या क्रमानं लावले तर १५ आकड्यांतला मधला म्हणजे आठवा, तो येतो १०, हा मध्यक. सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा १०, हा बहुलक.

आता थांबा आणि दाण्यांकडं बघा. सरासरी १४ आहे, पण १५ पैकी ११ दिवस एसटी १४ मिनिटांपेक्षा कमीच लेट होती. असं कामून झालं? तो ९० चा एक दाणा काढून टाका, बेरीज १२०, भागिले १४, सरासरी साडेआठच्या आसपास आली. एका दिवसानं सरासरी साडेपाच मिनिटं वर ओढली होती. मध्यक मात्र १० चा १०, जागचा हलला नाही. म्हणून एखादा आकडा लई मोठा किंवा लई लहान असला की मध्यकावर विश्वास ठेवायचा. गावात २० एकरवाले दोन जण आणि बाकी सगळे दीड-दोन एकरवाले असतील तर "सरासरी जमीन" सांगून काही कळत नाही, मध्यक सांगा.

सरासरी म्हणजे नेमकं काय हे समजायला एक काम करा. प्रत्येक आकड्यातून १४ वजा करा, काही उत्तरं उणे येतील काही अधिक, आणि सगळ्यांची बेरीज बरोबर शून्य येईल. म्हणजे सरासरी हा तराजूचा मधला काटा आहे, दोन्ही बाजूची ओढ सारखी. हे कळलं की पुस्तकातली गृहीतमध्य पद्धत, जिला लेकरं सगळ्यात जास्त घाबरतेत, ती आपोआप येते. बघा, मला सरासरी माहीत नाही, मी नुसता अंदाज मारला की १० असेल. प्रत्येक आकड्यातून १० वजा केले, बेरीज आली ६०. शून्य आली असती तर अंदाज बरोबर होता, पण ६० जास्त आलेत, ते १५ दिवसांत वाटले तर रोजचे ४, म्हणजे अंदाज ४ नं कमी पडला. १० अधिक ४, चौदा. झाली पद्धत. अंदाज करायचा आणि चूक दुरुस्त करायची, ह्यापेक्षा वेगळं त्यात काही नाही. अंदाज कोणताही धरा, २० धरा का ५ धरा, उत्तर १४ च येतं, करून बघा.

अजून एक. घरात मोंढ्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, असतील तर काढा. समजा १२ क्विंटल गेलं ४२०० नं आणि नंतर ३ क्विंटल गेलं ४८०० नं. सरासरी भाव किती पडला? बरेच जण ४२०० आणि ४८०० ची सरासरी ४५०० सांगतेत. पण पैसे किती आले ते मोजा, ५०४०० आणि १४४००, मिळून ६४८००, माल १५ क्विंटल, म्हणजे भाव पडला ४३२०. एवढा फरक. कारण स्वस्तात जास्त माल गेला, त्याचं वजन जास्त. पुस्तकात वारंवारता (कोणता आकडा किती वेळा आला) सारणीत जो "एफ गुणिले एक्स" चा रकाना असतो ना, तो हाच आहे, क्विंटल गुणिले भाव.

पायरी ४: वर्गांतराची गणितं

आकडे जास्त झाले की गट पाडावे लागतेत, पुस्तकात ह्या गटालाच वर्ग म्हणतेत. मी वर म्हणलेलं गणितच घेऊ, ४० शेतकरी, एकरी उतारा क्विंटलमधे, आकडे सरावासाठी मीच बनवलेत. २ ते ४ मधे ६ जण, ४ ते ६ मधे ९, ६ ते ८ मधे १५, ८ ते १० मधे ७, १० ते १२ मधे ३. बरोबर ६ क्विंटल झालेला माणूस कुठं जाईल? पुढच्या गटात, ६ ते ८ मधे, हा नियम.

सरासरी काढताना आपण एक गोष्ट मान्य करतो, की गटातला प्रत्येक जण गटाच्या मध्यावर उभा आहे, म्हणजे २ ते ४ वाले सगळे ३ वर. हे खरं नसतं, पण जवळपास चालतं. ३, ५, ७, ९, ११ ला माणसांनी गुणा, बेरीज २६४, भागिले ४०, उत्तर ६.६.

मध्यकाचं सूत्र मात्र पाठ करू नका, रांग डोळ्यासमोर आणा. ४० जण उताऱ्याच्या क्रमानं शाळेच्या ग्राउंडवर उभे आहेत, आपल्याला जायचंय विसाव्यापर्यंत. पहिल्या दोन गटांत ६ आणि ९ मिळून १५ जण संपले. अजून ५ पाहिजेत. तिसऱ्या गटात १५ जण आहेत, ते ६ पासून ८ पर्यंत सारख्या अंतरावर पसरलेत असं धरलं तर १५ पैकी ५ म्हणजे एक तृतीयांश रस्ता, आणि रस्ता आहे २ क्विंटलचा, त्याचा एक तृतीयांश ०.६७. म्हणून मध्यक ६.६७. आता पुस्तकातलं सूत्र उघडा, खालची मर्यादा, मग एनचे (एन म्हणजे एकूण माणसं) निम्मे वजा आधीच्या गटापर्यंतची संचित वारंवारता (तिथपर्यंतच्या माणसांची बेरीज), भागिले त्या गटाची वारंवारता, गुणिले वर्गाची रुंदी, एकेक शब्द ह्या रांगेशी जुळेल. सगळ्यात जास्त चूक इथं होते की लेकरं मध्यक वर्गाचीच संचित वारंवारता घेतेत, ३०. रांग डोळ्यासमोर असली की ३० घेताच येत नाही, कारण त्या लोकांना आपण अजून ओलांडलेलंच नाही.

बहुलकाचं सूत्रही ह्याच तक्त्यावर लावून बघा, ६.८६ येतं. तिन्ही उत्तरं ६ ते ८ च्या गटातच आली, म्हणजे कुठं मोठी गफलत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे १०-१९, २०-२९ असे तुटक वर्ग दिले की सलग न करता तसंच पुढं जाणं. आधी ९.५ ते १९.५ असे करून घ्या, मगच हात लावा.

आलेखांवर लई वेळ घालवायची गरज नाही. आयतालेखात खांब एकमेकाला चिकटलेले, स्तंभालेखात अंतर सोडलेलं, वृत्तालेखात सगळ्या कोनांची बेरीज ३६०, आणि पेपरात नाहीतर मोबाईलवर आलेला कुठलाही आलेख बघताना उभी रेघ शून्यापासून सुरू झालीय का ते बघायचं. एवढं पुरे.

पायरी ५: पसारा, म्हणजे आपल्या भागाचा खरा प्रश्न

इथं मी थोडा जास्त थांबणार, कारण मराठवाड्यात राहणाऱ्या लेकराला हे नाही कळलं तर बाकीचं कळून उपयोग नाही असं मला मनापासून वाटतं.

आपल्या आठ जिल्ह्यांचा पावसाळ्यातला सरासरी पाऊस साधारण ६८० मिलिमीटर धरतेत. वर्षाच्या शेवटी बातमी येते की सरासरीच्या शंभर टक्के पाऊस झाला, आणि घरी माणूस म्हणतो मग पीक कुठं गेलं. दोन महिने घ्या, प्रत्येकी चार आठवडे. एका महिन्यात पाऊस पडला ४०, ४५, ३५, ४० मिलिमीटर. दुसऱ्यात ०, ०, १०, १५०. दोन्हींची बेरीज १६०, दोन्हींची सरासरी ४०. पहिल्या महिन्यात सोयाबीन डोलतंय, दुसऱ्यात तीन आठवडे करपलं आणि चौथ्या आठवड्यात वाहून गेलं. सरासरीनं दोन्ही सारखेच दाखवले.

मग फरक दाखवायचा कसा? प्रत्येक आठवडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढा. पहिल्या महिन्यात ०, ५, उणे ५, ०. दुसऱ्यात उणे ४०, उणे ४०, उणे ३०, ११०. पण ह्यांची बेरीज करायला गेलात तर दोन्हीकडं शून्य, तिसऱ्या पायरीत बघितलंच आपण. म्हणून आधी वर्ग करायचे, म्हणजे प्रत्येक आकड्याला त्यानंच गुणायचं, मग उणे राहत नाही. पहिल्याच्या वर्गांची सरासरी १२.५, तिचं वर्गमूळ साधारण ३.५. दुसऱ्याच्या वर्गांची सरासरी ४०५०, वर्गमूळ साधारण ६३.६. हेच ते प्रमाण विचलन, अकरावीत येतं आणि सायन्सची लेकरं घाबरून क्लास शोधायला लागतेत. सरासरी ४० आणि पसारा ३.५, सरासरी ४० आणि पसारा ६३.६, आता दोन महिने वेगळे दिसले का नाही?

दुसरी गोष्ट पीक विम्याची. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनावर भरपाई ठरते तेव्हा ती तुमच्या एकट्याच्या वावरावर ठरत नाही, महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, सरासरीवर ठरते. मंडळातली काही शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी, यादृच्छिक पद्धतीनं निवडायची, त्यात ठराविक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, मोजायचं, ह्याला पीक कापणी प्रयोग म्हणतेत. हा विचार आपल्या देशात १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांच्या कामातून पक्का झाला. चिठ्ठी कामून? कारण रस्त्याकडची, विहिरीजवळची, चांगली चांगली शेतं कोणी निवडली तर सरासरी फुगणार, आणि फक्त खराब निवडली तर पडणार. कुणाच्या मर्जीवर काही ठेवायचं नाही म्हणून चिठ्ठी. पुस्तकातला "यादृच्छिक" हा अवघड शब्द इथं एवढ्या कामाचा आहे.

गणित असं चालतं. मागच्या ७ वर्षांचं मंडळाचं उत्पादन, हेक्टरी क्विंटल, समजा १४, ६, १२, १५, ९, १३, १६. त्यातली चांगली ५ घ्यायची, १४, १२, १५, १३, १६, सरासरी १४. जोखीमस्तर, म्हणजे ह्या सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत विमा धरलाय ते, ७० टक्के असेल तर १४ चे ७० टक्के ९.८, हे उंबरठा उत्पादन, ह्याच्या खाली गेलं तरच भरपाई. यंदा मंडळाची सरासरी आली ७.३५, तर घट २.४५, भागिले ९.८, म्हणजे २५ टक्के, आणि विमा संरक्षित रकमेच्या तेवढे टक्के भरपाई. आता स्वतःला विचारा, माझ्या वावरात २ क्विंटल झालं आणि मंडळाची सरासरी ११ आली तर? काहीच नाही. मंडळाची सरासरी माझ्या वावराबद्दल काही सांगत नाही, ती मंडळाबद्दल सांगते. सरासरीचा हा स्वभाव लेकरानं घरी नीट समजावून सांगितला तर बापाला निदान प्रश्न कुठं विचारायचा ते कळतं, कापणी कुठल्या शेतात झाली, किती ठिकाणी झाली, वजन कोणापुढं झालं.

पायरी ६: संभाव्यता, चिंचोके घेऊन बसा

पुस्तक नाणं आणि फासा देतं. मी आधी चिंचोका देतो. चिंचोका मधून फोडला की एक बाजू सपाट पांढरी, दुसरी फुगीर तपकिरी. फेकला तर पांढरी बाजू वर यायची संभाव्यता किती? सगळी लेकरं पटकन म्हणतेत एक छेद दोन, कारण दोनच बाजू आहेत. मग मी म्हणतो २०० वेळा फेका, ताळ्याच्या खुणा करा. निम्म्याच्या जवळ येईलच असं नाही, आणि दुसऱ्याचा चिंचोका वेगळंच उत्तर देईल. कारण दोन निष्पत्ती (फेकल्यावर जे येऊ शकतं ते) आहेत म्हणून त्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, आहेत असं होत नाही. घटनेतल्या (आपल्याला हव्या त्या) निष्पत्ती भागिले नमुना अवकाशातल्या (सगळ्या शक्य निष्पत्तींच्या यादीतल्या) एकूण निष्पत्ती, हे सूत्र फक्त सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य असतील तेव्हाच चालतं. नाण्याला चालतं, नीट पिसलेल्या ५२ पत्त्यांना चालतं, चिंचोक्याला चालत नाही, तिथं फेकून मोजल्याशिवाय इलाज नाही. "पास किंवा नापास, म्हणून फिफ्टी फिफ्टी" ही पण चिंचोक्याचीच चूक आहे.

नमुना अवकाश लिहायला आळस करू नका. दोन नाणी फेकली, निदान एक छापा यायची संभाव्यता किती? दोन छापे, एक छापा, शून्य छापे, तीन प्रकार, त्यातले दोन चालतेत म्हणून २/३ असं वाटतं. हेच २/३ उत्तर, जरा वेगळ्या मोजणीनं, १७५४ साली द'अलाँबेर नावाच्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानं दिलं होतं, आणि ते चूक आहे. पहिलं नाणं आणि दुसरं नाणं वेगळं लिहा: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चार. तीन चालतेत. ३/४. एक रुपयाचं आणि दोन रुपयाचं नाणं घेतलं की ही चूक होतच नाही. दोन फाशांनाही तसंच, ६ गुणिले ६ चा तक्ता काढा, ३६ घरं, बेरीज ७ येणारी सहा घरं, बेरीज १२ येणारं एकच.

संभाव्यतेची सुरुवातच एका मोडलेल्या डावातून झाली म्हणा ना. १६५४ मधे पास्काल आणि फर्मा ह्या दोन फ्रेंच गणितज्ञांत पत्रं गेली, प्रश्न असा: दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावली, जो आधी तीन डाव जिंकेल त्याची ६४. एकाचे दोन झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबवावा लागला. वाटणी कशी? दोनाला एक अशी नाही. पुढं काय झालं असतं ते लिहा. पुढचा डाव पहिल्यानं जिंकला तर संपलं. दुसऱ्यानं जिंकायचं असेल तर त्याला सलग दोन जिंकावे लागतेत, १/२ गुणिले १/२, म्हणजे १/४. म्हणून ४८ आणि १६. आधी लेकरांना ६४ चिंचोके देऊन भांडू द्या, मग हे दाखवा.

आता जूनचं काम. पेरणीच्या आधी बियाणाची उगवण तपासतेत, ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीनं ठेवून गुंडाळायचं आणि किती उगवले मोजायचे. सोयाबीनला ७० टक्के उगवण पाहिजे. ही संभाव्यताच आहे. १०० च कामून, १० का नाही? दहा-दहाच्या ओळी वेगळ्या मोजा, एका ओळीत ५ उगवतील, दुसरीत ९, बियाणं तेच. दहा दाण्यांवर ठरवलं तर चांगलं बियाणं फेकून द्याल नाहीतर खराब पेराल. आणि टोकण करताना एका जागी दोन दाणे टाकले तर? उगवण ७० टक्के धरली तर एक न उगवण्याची संभाव्यता ०.३, दोन्ही न उगवण्याची ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ०.०९. निदान एक उगवण्याची ०.९१. "निदान एक" असा शब्द दिसला की आधी "एकही नाही" काढा आणि १ मधून वजा करा. पण हा गुणाकार तेव्हाच बरोबर जेव्हा एका दाण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्या जागी ओलच नसेल तर दोन्ही एकदमच जाणार, तिथं ०.०९ म्हणणं चूक.

ह्याच्यावरूनच एक नेहमीचं वाक्य तपासा: सहा वेळा काटा आला, आता छापा येणारच. नाण्याला मागचं आठवत नसतं, पुढच्या वेळीपण १/२ च. पण "सहा दिवस कोरडे गेले, उद्या पडेल" ह्याला नाण्याचा नियम लावू नका, कारण पावसाचे दिवस एकमेकाशी जोडलेले असतेत. संबंध आहे का नाही हे आधी विचारायचं, गुणाकार नंतर.

पायरी ७: तर्क

अंगणात एक वाक्य लिहा: पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. आता उलटं: अंगण ओलं आहे म्हणजे पाऊस पडला. खोटं, आईनं सडा टाकला असेल. पण "अंगण कोरडं आहे म्हणजे पाऊस पडला नाही" हे खरं. जर-तरच्या वाक्याचा व्यत्यास आपोआप खरा होत नाही, दोन्ही बाजू नाकारून उलटवलं तर मात्र खरं राहतं. भूमितीत पायथागोरसचं प्रमेय आणि त्याचा व्यत्यास वेगवेगळे सिद्ध करायला लावतेत ते ह्यासाठी. बारावीत तर तर्कशास्त्राचा आख्खा धडा आहे, तो इथूनच सोपा होतो.

दुसरं, दहा उदाहरणं जुळली म्हणजे सिद्ध झालं नाही. एन वर्ग अधिक एन अधिक ४१, ह्यात १ टाका, ४३ येतं, मूळ संख्या. २ टाका ४७, ३ टाका ५३. असं ३९ पर्यंत दरवेळी मूळ संख्याच येते. ४० टाका, १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. गेलं. एक उलटं उदाहरण पुरतं. आता दुसरी बाजू बघा, देवळालीला शाळामास्तर असलेले दत्तात्रय कापरेकर ह्यांची ६१७४ ही संख्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेली वजा करा, परत तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतंच, आणि हे पक्कं म्हणता येतं कारण चार अंकी संख्या मोजक्याच आहेत, सगळ्या तपासून झाल्यात. पण "दोन विषम संख्यांची बेरीज सम असते" ह्याला सगळ्या संख्या तपासता येत नाहीत, तिथं अक्षरं लागतेत: २एम अधिक १, २एन अधिक १, बेरीज २ गुणिले (एम अधिक एन अधिक १), सम. दोन्हीला एमच लिहू नका, नाहीतर तुम्ही फक्त ३ अधिक ३, ५ अधिक ५ एवढंच सिद्ध केलं.

तिसरं, सोबत दिसलं म्हणजे कारण झालं नाही. ज्या गावात बोअर जास्त तिथं पाणी खोल गेलेलं दिसतं. बोअरमुळं पाणी गेलं, का पाणी गेलं म्हणून लोकांनी बोअर घेतले? दोन्हीपण असू शकतं, नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. आणि क्लासच्या जाहिरातीत दहा लेकरांचे फोटो असतेत, ९५ टक्के, ९७ टक्के. विचारा, एकूण बसले किती, आणि प्रवेश देतानाच किती टक्क्यांवाले निवडले होते. खालचा आकडा, छेद, लपवला की वरच्या आकड्याला काही अर्थ नसतो. घरातले लाखभर रुपये द्यायच्या आधी हा एक प्रश्न दहावीतलं लेकरू विचारू शकलं तर मी म्हणेन त्याला संभाव्यता आली.

वेळापत्रक

सहा आठवडे धरा, रोज पाऊण तास. पहिले दोन आठवडे वहीत रोजचा आकडा आणि बाजूला पायरी २, ३. तिसरा आठवडा वर्गांतर, त्यात पुस्तकातली सगळी उदाहरणं, प्रत्येकाच्या आधी कडेला अंदाज लिहूनच. चौथा आठवडा पसारा, दहावीच्या लेकरांनीपण करावा, परीक्षेत नसला तरी. पाचवा चिंचोके आणि नमुना अवकाश, सहावा तर्क. परीक्षेचं म्हणाल तर भाग १ चा पेपर ४० मार्कांचा आणि दोन तासांचा असतो, त्यात तक्ता आखायला वेळ जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यात घड्याळ लावून तक्ते काढा आणि प्रत्येक तक्त्याखाली वारंवारतेची बेरीज एनशी जुळतेय का ते बघा.

आणि सहाव्या आठवड्याच्या रविवारी वही घेऊन घरच्यांसमोर बसा, आजीपण पाहिजे. तुम्ही काय मोजलं, मध्यक किती, पसारा किती, साध्या बोलीत सांगा, सूत्राचं नाव न घेता. आजी विचारेल, "मग म्हैस कोणत्या दिवशी कमी देती, आन कामून?" तो प्रश्न तिथंच, तिच्याच शब्दात, पुढच्या कोऱ्या पानावर लिहून घ्या, आणि खाली परत त्याच तीन ओळी: काय मोजायचं, कशात, कधी.